ताईत, अंगारा आणि बाप्तिस्मा

खुलताबादला बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात एकेकाळी फरशीतून चांदी उगवत असे, अशी आख्यायिका आहे. पीर गेले आणि मागे राहिलेल्या शिष्यांची चूल पेटेना. तेव्हा रात्रीतून चांदीची झाडं फुटू लागली. ती तोडायची, विकायची आणि दर्ग्याचा खर्च भागवायचा. पुढे जहागीर मिळाली, तशी झाडं थांबली आणि फरशीत नुसते कोंब उरले.

गंमत अशी, की ज्यांच्या कबरीभोवती ही कथा रुजली, त्या चिश्ती सूफींना चमत्कार मिरवणं पसंत नव्हतं. करामत झाकून ठेवावी, ही त्यांची शिकवण. १३२७ मध्ये महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली आणि सरदार-कारकुनांच्या त्या लोंढ्याबरोबर सूफीही दख्खनेत आले. निजामुद्दीन औलियांचे शिष्य असलेले बुऱ्हाणुद्दीन १३३७ मध्ये वारले आणि दौलताबादच्या वरच्या डोंगरावरचं हे ठिकाण ‘रौजा’, म्हणजे पवित्र कबरीचं स्थान झालं. त्यांच्या गुरूंची एक आठवण या परंपरेत सांगतात. लोक ताईत मागायला येतात, लिहून द्यावा का, असं निजामुद्दीनांनी आपले गुरू बाबा फरीद यांना विचारलं. देवाचं नाव लिहून द्यावं, असं उत्तर मिळालं. चमत्काराचा बाजार मांडायचा नाही, पण दारी आलेल्या दुखणाइताला रिकाम्या हातानं परतही पाठवायचं नाही, अशी ती तडजोड होती.

खुलताबादनं ही तडजोड सहज पचवली. १७०७ मध्ये औरंगजेबाला त्याच्या इच्छेप्रमाणे जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात साध्या कबरीत पुरलं. त्याच गावात निद्रिस्त भद्रा मारुती आहे आणि मारुती म्हटलं की भूतबाधा पळाली, हा मराठी मुलखाचा जुना भरवसा. पिराचा ताईत गळ्यात, मारुतीचा शेंदूर कपाळी आणि गावच्या देवरुषाचा अंगारा पदराच्या गाठीत, असं एकाच घरात चाले. लेकरू तापानं फणफणलं की माय सिद्धान्त तपासत बसत नाही.

या मुलखात ख्रिस्ती धर्म उतरला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं काम पारशी घरातून ख्रिस्ती झालेल्या रतनजी नवरोजींनी उभं केलं. शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या आनेसीहून निघालेल्या संत फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे फादर वैजापूरकडच्या घोगरगावात आले. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक हे दोन्ही पंथ वेगळे असले, तरी एका बाबतीत त्यांचं एकमत होतं. येशूला मानायचं, तर ताईत तोडायचा.

ही अट बायबलातूनच आलेली. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणं, मंत्रतंत्र करणं, मृतांना विचारणं यांवर सरसकट बंदी आहे. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तर इफिसच्या जादूगारांनी आपल्या पोथ्या चव्हाट्यावर जाळल्याची हकिगत येते. त्या पोथ्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली, असा हिशेबही तिथे दिला आहे.

मराठवाड्यात पहिल्यांदा मोठ्या संख्येनं बाप्तिस्मा घेतला तो महार आणि मांग कुटुंबांनी. त्यांच्यासाठी मामला पोथी जाळण्याइतका सोपा नव्हता. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावाबाहेर न्यायचा, पोतराजानं कोरड्यानं स्वतःचं अंग फोडून घ्यायचं, ही कामं गावानं याच वाड्यांवर सोपवलेली. मरीआईला सोडायचं, म्हणजे तिचा कोप ओढवून घ्यायचा आणि त्या कामापोटी मिळणाऱ्या हक्कावरही पाणी सोडायचं. उलट बाजूला मिशनची शाळा होती, दवाखाना होता, दुष्काळात धान्य होतं. शिवाय ज्या देवासमोर कोणी विटाळ मानत नाही असं सांगितलं जाई, तो देव होता. निवड श्रद्धेची होती, तशीच ती पोटाची आणि मानाचीही होती.

पंडिता रमाबाईंची ख्रिस्ताकडे येण्याची वाट याहून वेगळी. त्यांचं कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत, व्रतं-दानं करत, पोथ्या वाचत हिंडलं आणि १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील व बहीण दगावली. पुढे उत्तरेतल्या एका पवित्र तळ्यावर रमाबाईंनी तरंगते डोंगर पाहिले. पुण्यवंतासाठी ते किनाऱ्याकडे येतात, अशी ख्याती होती. भाऊ श्रीनिवासशास्त्री मगरींची भीती झुगारून पोहत आत गेले, तर डोंगर म्हणजे तराफ्यांवर थापलेली माती निघाली. मागून पुजारी होडीतून ते ढकलत होता. अशी जुनी श्रद्धा ढासळत गेली आणि १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

मात्र जून १९०५ मध्ये त्यांच्याच केडगावच्या आश्रमात, मुक्तिसदनात, जे घडलं, ते पाहून कोणाही गावकऱ्याला ‘अंगात आलं’ असंच वाटलं असतं. प्रार्थना करता करता मुली थरथरू लागल्या, हंबरडा फोडू लागल्या. एका मुलीच्या अंगाला आग लागलीसं वाटून दुसरी बादलीभर पाणी आणायला धावली, असं त्या वेळचं वर्णन आहे. मुक्तिसदनाच्या लेखी हे पवित्र आत्म्याचं कार्य होतं. देवरुषाच्या घुमण्यात आणि या थरथरण्यात फरक कोणता, हे बाहेरून बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. आतल्यांचं उत्तर फळावर बोट ठेवणारं होतं: या मुलींनी पापांची कबुली दिली आणि गावोगाव सुवार्ता सांगायला बाहेर पडल्या, घुमून झाल्यावर देवरुषी मागतो तसं कोंबडं कोणी मागितलं नाही.

ही सीमारेषा आखायची पाळी पुढे सरकारवरही आली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, पाठोपाठ वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. प्रार्थना, पूजा, प्रदक्षिणा, वारी, कीर्तन त्यानं बाहेर ठेवलं. दर्ग्यातली चादर, मारुतीचा शेंदूर, चर्चमधली मेणबत्ती यांना तो हात लावत नाही. पण साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र नि गंडेदोरे केले, तर तो गुन्हा. ताईत धर्मात बसतो की जादूत, हे कायदा विचारत नाही. रोग्याला डॉक्टरकडे जाऊ दिलं की नाही, हे विचारतो.