लोकनभोवाणी आणि धर्म : पुणे केंद्राच्या इतिहासाच्या आधारे एक विचार

सर्व नागरिकांच्या पैशावर चालणाऱ्या नभोवाणीने धार्मिक आशयाला आपल्या कार्यक्रमांत स्थान द्यावे किंवा नाही, हा प्रश्न बहुधा तत्त्वाच्या पातळीवर मांडला जातो आणि त्याच पातळीवर सोडूनही दिला जातो. राज्य धर्मातीत असल्यामुळे त्याच्या नभोवाणीनेही धर्मापासून दूर राहावे, असे एक पक्ष म्हणतो. बहुसंख्य श्रोत्यांच्या जीवनात धर्माला असलेले स्थान नाकारणारी नभोवाणी लोकांची राहतच नाही, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. दोन्ही पक्षांना आपापल्या परीने बळ आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने या वादात उतरण्यापूर्वी नभोवाणीने प्रत्यक्षात काय केले, कोणत्या परिस्थितीत केले आणि श्रोतृवर्गावर त्याचा परिणाम काय झाला, हे पाहणे अगत्याचे आहे. अशा परीक्षणास आकाशवाणीच्या पुणे केंद्राची आरंभीची तीन वर्षे विशेष उपयुक्त आहेत.

१

पुणे केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९५३ रोजी झाला. त्या वेळी केंद्रीय माहिती व नभोवाणी खाते बा. वि. केसकर यांच्याकडे होते. १९५२ ते १९६२ या आपल्या कारकीर्दीत त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले आणि त्यांच्या जागी अभिजात व सुगम संगीताची प्रतिष्ठापना करण्याचा प्रयत्न केला. या धोरणामुळे प्रादेशिक केंद्रांपुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. लोकप्रिय चित्रपटगीत वर्ज्य, आणि अभिजात संगीताचा श्रोता मर्यादित. तेव्हा सर्वसामान्य कुटुंबाला रेडिओजवळ बसविणारे गीत आणावयाचे कोठून? मराठी केंद्राला याचे उत्तर भावगीतात आणि भक्तिगीतात सापडले.

‘गीतरामायण’ हे या शोधाचे सर्वांत मोठे फळ होय. केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांचा आग्रह, ग. दि. माडगूळकर यांचे काव्य आणि सुधीर फडके यांची स्वररचना यांतून साकार झालेली ही मालिका १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस सुरू झाली आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीस संपली. मूळ संकल्प आठवड्यास एक याप्रमाणे ५२ गीतांचा होता. त्या वर्षी अधिकमास आल्याने ती संख्या ५६ झाली. गीत शुक्रवारी सकाळी प्रथम प्रसारित होई व शनिवारी-रविवारी पुन्हा ऐकविले जाई. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक आदी गायकांचा त्यात सहभाग होता. पुढे १९५७ मध्ये केंद्र सरकारच्याच प्रकाशन विभागाने ही गीते पुस्तकरूपाने काढली.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली ही की, रचनेच्या दृष्टीने ही मालिका नाट्यकाव्याच्या जातीची आहे. प्रत्येक गीत कोणा ना कोणा पात्राच्या मुखी घातलेले आहे. कौसल्या बोलते तशी शूर्पणखाही बोलते. राम बोलतो तसा कुंभकर्णही बोलतो. श्रोत्याने अमुक व्रत करावे वा अमुक देवतेस भजावे, असा विधी तीत सांगितलेला नाही. दुसरी गोष्ट हिच्या उलट दिशेने जाणारी आहे. अनेक घरांतून रेडिओ-संचाला हार घालून व उदबत्ती लावून ही गीते ऐकली गेल्याच्या आठवणी मराठी वाचकांना सुपरिचित आहेत. कवीने काव्य लिहिले, केंद्राने संगीत प्रसारित केले, आणि श्रोत्याने त्याची पूजा केली. धार्मिक आशय म्हणजे नेमके काय, या प्रश्नाची सारी गुंतागुंत या एका उदाहरणात सामावली आहे.

२

नभोवाणीने धर्माशय सर्वथा वर्ज्य करावा हा पक्ष मराठीपुरता तरी आचरणात येणे शक्य नाही. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मधील ज्ञानेश्वरीपासून पुढील जवळजवळ पाच शतकांचे मराठी काव्य बहुतांशी धर्मविषयक आहे. ते वगळावयाचे तर मराठी भाषेचा इतिहासच वगळावा लागेल. आणि हे काव्य एका पंथाचे वा एका धर्माचे नाही. महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ मराठी गद्याच्या आरंभी उभे आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ संतवाङ्मयात गणला जातो. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीछंदात रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले ते याच ओघात.

तेव्हा धर्मविषयक वाङ्मयास नभोवाणीचे दार बंद करता येत नाही; मात्र ते एकासाठी उघडले की सर्वांसाठी उघडे ठेवावे लागते. रामकथेला ‘संस्कृती’ म्हणून प्रवेश द्यावयाचा आणि ‘ख्रिस्तपुराणा’ला ‘धर्म’ म्हणून नाताळच्या दिवसापुरते बोलवावयाचे, हा न्याय नव्हे. बहुसंख्यांचा धर्म बहुसंख्यांना संस्कृती म्हणून दिसतो व इतरांची संस्कृती त्यांना धर्म म्हणून दिसते. या दृष्टिदोषाची जाणीव कार्यक्रम आखणाऱ्यांना असली पाहिजे.

३

हा दोष केवळ अल्पसंख्य धर्मीयांच्याच संदर्भात संभवतो असे नाही. ‘गीतरामायण’ एप्रिल १९५६ मध्ये संपले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. राम व कृष्ण यांना देव मानणार नाही व त्यांची उपासना करणार नाही, ही त्यांतील एक. अवघ्या सहा महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना एकत्र ठेवून पाहण्याची आपल्याकडे प्रथा नाही. परंतु नभोवाणीच्या इतिहासकाराने त्या एकत्रच पाहिल्या पाहिजेत. ज्या मराठी श्रोतृवर्गास केंद्राने एकजीव मानले होते, त्यातील एका मोठ्या समूहाने त्या श्रद्धेपासून आपण वेगळे झाल्याचे जाहीरपणे सांगितले. ‘मराठी श्रोता’ ही कल्पना त्या दिवसानंतर पूर्वीइतकी सरळ राहिली नाही.

प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगडाच्या रस्त्याकडील धायरी हे गाव डोळ्यांपुढे आणावे. धारेश्वराचे शिवमंदिर ही या गावाची ओळख. २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत जी अकरा गावे समाविष्ट झाली त्यांत धायरी होते. आज तेथे महाराष्ट्राच्या सर्व भागांतून आलेली नाना धर्मांची व नाना पंथांची कुटुंबे राहतात. अशा गावात देवळात कीर्तन होते तेव्हा त्याचा खर्च भाविकांच्या वर्गणीतून चालतो. ज्याला ऐकावयाचे तो जातो, ज्याला नको तो जात नाही, आणि न जाणाऱ्याकडून कोणी वर्गणी मागत नाही. लोकनभोवाणीची गोष्ट निराळी आहे. तिचा खर्च सर्वांचा. पूर्वी परवानाशुल्काच्या रूपाने, आज करांच्या रूपाने. तिचा आवाज घरात येतो, आणि तो राज्याच्या नावाने येतो. देवळातील कीर्तनकार एका श्रद्धेचा प्रतिनिधी म्हणून बोलतो. आकाशवाणीचा निवेदक सर्व धायरीकरांचा प्रतिनिधी म्हणून बोलतो. कीर्तनाला असलेली मोकळीक नभोवाणीला नाही, याचे कारण या भेदात आहे.

घटनेच्या २७ व्या अनुच्छेदाचा रोख हाच आहे : ज्या कराचे उत्पन्न विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवले आहे तो कर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. २८ व्या अनुच्छेदानुसार संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. नभोवाणीचा उल्लेख या अनुच्छेदांत नाही. परंतु त्यांमागील विचार तिला लागू पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात धर्मांविषयीचे ज्ञान देणे आणि धर्माचे शिक्षण देणे यांत भेद केला, आणि पहिल्यास घटनेची आडकाठी नसल्याचा निर्णय दिला. आपल्या प्रश्नाच्या उत्तरासही हा भेद साह्यकारी आहे.

४

पुणे केंद्राच्या इतिहासात याच काळात घडलेला एक दुसरा प्रयोग सहसा ‘गीतरामायणा’च्या शेजारी मांडला जात नाही. युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत केंद्राने शेतकऱ्यांसाठी २० कार्यक्रम प्रसारित केले. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली होती. मंडळाने आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवाव्यात, अशी योजना होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले.

म्हणजे १९५६ च्या वसंत ऋतूत एकाच केंद्रावरून दोन प्रकारच्या श्रोत्यांची घडण चालली होती. एक श्रोता हात जोडून ऐकत होता; दुसरा ऐकून प्रश्न विचारीत होता. हे दोघे वेगळे लोक होते असे मानण्याचे कारण नाही. सकाळी रामकथा ऐकून भारावलेला शेतकरी सायंकाळी खतांविषयी शंका विचारू शकतो. परंतु संस्थेच्या दृष्टीने पाहता एक फरक राहतो. शेतीविषयक कार्यक्रमात प्रश्नाला जागा ठेवलेली होती. धर्मविषयक कार्यक्रमात अशी जागा असावी, हे कोणाच्या मनातही आले नाही.

याच सुमारास ही जागा मागितली गेली ती ब्रिटनमध्ये. बी.बी.सी.ने १९२८ पासून दैनंदिन प्रार्थनेचे प्रसारण चालविले होते आणि ख्रिस्ती धर्म हा आपल्या सेवेचा पाया मानला होता. जानेवारी १९५५ मध्ये, म्हणजे ‘गीतरामायणा’च्या आधी तीनच महिने, मार्गारेट नाइट या मानसशास्त्राच्या अध्यापिकेने बी.बी.सी.वरून धर्माविना नीतिशिक्षण या विषयावर भाषणे दिली. वृत्तपत्रांतून त्यांच्यावर प्रखर टीका झाली. तथापि भाषणे प्रसारित झाली, हे महत्त्वाचे. ज्या संस्थेने प्रार्थनेला जागा दिली तिनेच, उशिरा व संकोचाने का होईना, प्रार्थना न करणाऱ्यालाही जागा दिली.

५

महाराष्ट्रात हा प्रश्न न्यायालयात आला तो दूरदर्शनच्या काळात. ‘होनी अनहोनी’ ही मालिका अंधश्रद्धेस उत्तेजन देते, अशी तक्रार घेऊन लोकविज्ञान संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि प्रसारणास अंतरिम मनाई मिळविली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उठविली व दूरदर्शनच्या अटींच्या अधीन राहून मालिका दाखविण्याचा नागरिकाचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो, असे म्हटले. या निर्णयाचा अर्थ नीट लावला पाहिजे. आक्षेपार्ह वाटणाऱ्या आशयावर बंदी हा उपाय न्यायालयाने मान्य केला नाही. तेव्हा आक्षेप घेणाऱ्यास त्याच माध्यमावर उत्तर देण्याची संधी मिळणे, हाच मार्ग उरतो.

तोपर्यंत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू होऊन गाजलेही होते. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत ती मालिका चालली. या वेळी हार घातले गेले ते चित्रवाणी-संचांना. श्रोत्याचे वर्तन तेच. परंतु परिस्थिती तीच नव्हती. अयोध्येचा प्रश्न तेव्हा राजकारणाच्या मध्यभागी येत होता. अरविंद राजगोपाल यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या मालिकेचा व तत्कालीन राजकारणाचा संबंध तपशिलाने तपासला आहे. १९५५ मध्ये जी कथा काव्य म्हणून स्वीकारली गेली ती १९८७ नंतर राजकीय मागणीचे वाहन होऊ शकली. कथा बदलली नव्हती. नभोवाणीने प्रसारित केलेल्या आशयाचा अर्थ तिच्या हाती राहत नाही, हा यातील धडा होय; म्हणून तिची जबाबदारी हेतूच्या शुद्धतेने संपत नाही.

मार्च २०२४ मध्ये दूरदर्शनने अयोध्येतील मंदिरातील सकाळच्या आरतीचे दैनंदिन प्रक्षेपण आरंभिले तेव्हा एक सीमारेषा ओलांडली गेली, असे म्हणणे प्राप्त आहे. ‘गीतरामायण’ ही रामाविषयीची कविता होती. आरती ही रामाची पूजा आहे. पहिलीत श्रोता रसिक म्हणून सहभागी होऊ शकतो, मग त्याची श्रद्धा काहीही असो. दुसरीत केवळ भक्तालाच सहभागी होता येते. भाविकांची सोय हे तिचे समर्थनही आज टिकत नाही, कारण खासगी भक्तिवाहिन्या व भ्रमणध्वनी यांच्या योगे ती सोय अन्यत्र विपुल आहे.

६

या विवेचनातून काही कसोट्या निष्पन्न होतात. कार्यक्रम धर्माविषयी बोलतो की धर्माच्या वतीने बोलतो, ही पहिली. श्रोता संचाची पूजा करील की नाही, यावर ती अवलंबून ठेवता येत नाही, कारण ते केंद्राच्या हाती नाही. मात्र कथा सांगावयाची की उपासना चालवावयाची, हे सर्वस्वी केंद्राच्या हाती आहे. दुसरी कसोटी समान प्रवेशाची. रामकथेसाठी वर्षभर सकाळ राखून ठेवता येते, तर बुद्धचरित्रासाठी, ‘ख्रिस्तपुराणा’साठी, शेख महंमदासाठीही ती राखता आली पाहिजे, आणि तीही सणावाराची औपचारिकता म्हणून नव्हे. तिसरी कसोटी प्रश्नाच्या जागेची. ज्या केंद्राने १५० गावांतील शेतकऱ्यांच्या शंका मागविल्या त्याला धर्मविषयक कार्यक्रमानंतरही शंका मागविणे अशक्य नव्हते, आणि आजही नाही.

१९९० चा प्रसारभारती अधिनियम १९९७ मध्ये अंमलात आला आणि आकाशवाणी व दूरदर्शन यांना, कायद्यापुरते तरी, सरकारी खात्याहून निराळे अस्तित्व लाभले. या कसोट्या लेखी स्वरूपात स्वीकारण्यास तिला कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही. ‘गीतरामायण’ प्रसारित करण्यात पुणे केंद्राने चूक केली, असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. मराठी नभोवाणीच्या श्रेष्ठ कृतींत त्याची गणना होत राहील. त्याच्या शेजारी दुसरे स्वर उभे राहिले नाहीत, ही उणीव त्या काव्याची नसून कार्यक्रमपत्रिकेची होती. आणि कार्यक्रमपत्रिका दर तिमाहीस नव्याने आखता येते.