परक्याचं लेकरू, आपलं घर

स्मरणिका निघाली की थोरांच्या कार्यावर पानेच्या पाने लिहिली जातात. त्या थोरांना लहानपणी घास कोणी भरवला, हे मात्र दोन ओळींत आटोपते. आम्ही यंदा त्या दोन ओळींवरच लिहायचे ठरविले.

सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली. मावशी महाप्रजापती गौतमीने त्याला जवळ घेतले. अट्ठकथा सांगते की, स्वतःचा नंद दाईकडे सोपवून तिने सिद्धार्थाला आपले दूध पाजले. पुढे तिने प्रव्रज्या मागितली आणि तथागतांनी तीनदा नकार दिला. तेव्हा आनंदांनी आधी स्त्रियांनाही अर्हत्पद मिळू शकते हे वदवून घेतले, आणि मग याच दुधाची आठवण करून दिली. भिक्खुणी संघाच्या जन्मकथेत सांभाळणाऱ्या आईचे ऋण असे नोंदले गेले आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई १८९६ साली वारल्या. भीमराव तेव्हा पाचेक वर्षांचे. अंगाने अधू असलेल्या आत्या मीराबाईंनी ते घर सावरले.

आता आपल्या भागातले पाहू. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावचा, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातला. वडील झिंगराजी दारूपायी गेले. आई सखुबाईने लहानग्या डेबूला घेऊन माहेर गाठले, मूर्तिजापूर तालुक्यातले दापुरे. तिथे डेबूने गुरे राखली, शेतात राबला. मामाच्या घरचं पोरगं बसून खात नाही, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको! पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली, तेव्हा ते संकट भाच्याचेही झाले.

पण मावशी, आत्या, मामा ही सारी रक्ताची माणसे. ज्याला मामाच नाही त्याने कुठे जावे? जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि १८७४ साली एका विधवेचा यशवंत दत्तक घेतला. आपल्याच जिल्ह्यात वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी शंभरावर बेवारस लेकरांना बाप म्हणून स्वतःचे नाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

दत्तकाचा १९५६ चा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. दत्तक म्हणजे कायमचे : नाव, वारसा, सगळे. याहून वेगळी वाट २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ मध्ये आहे. तिला प्रतिपालन म्हणतात. इथे मूल तुमच्या घरी राहते, पण तुमचे होत नाही. त्याची आई दवाखान्यात असेल, तुरुंगात असेल. समितीची हरकत नसेल तर ती भेटायलाही येते. शिक्षण, दवापाणी, खाणेपिणे तुमच्याकडे. घर तपासायला माणसे येतात, त्यात अपमान मानू नये. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३५ ते ६० वर्षांच्या एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. राज्याच्या बालसंगोपन योजनेला सावित्रीबाईंचे नाव आहे; तिचे अनुदान २०२३ साली महिना २२५० रुपये झाले. त्या पैशावर डोळा ठेवून कोणी पुढे येऊ नये, तेवढ्यात काही भागत नाही.

सुरुवातीचे दिवस कठीण असतात. काही लेकरं उशीखाली पोळी लपवतात, अंथरूण ओलं करतात, "तू माही माय नाही" म्हणतात. ओरडू नये. पोळी उद्याही मिळते हे पोटाला पटायला महिने लागतात.

चौकशी अमरावतीच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावी. मूल कोणाकडे द्यायचे ते बालकल्याण समिती ठरवते. आणि मूळ घरची घडी बसली, की ते परत पाठवा असेही तीच सांगते. त्या दिवशी पिशवीत कपड्यांबरोबर शाळेची गुणपत्रिका, दवाखान्याची चिठ्ठी आणि तुमच्या घरी काढलेले त्याचे फोटोही घालून द्यावेत.