जिभेची साक्ष

जवळच्या शेतातल्या ताज्या भाजीचं कौतुक सुरू झालं की एक आक्षेप हमखास येतो. शीतगृहं आली, रातोरात शेकडो किलोमीटर कापणारे ट्रक आले, सगळं बारा महिने सगळीकडे मिळू लागलं. आता 'आमच्याकडच्या भाजीची चवच वेगळी' म्हणणं हा नुसता हळवेपणा. चव जिभेवर नसते, आठवणीत असते, असा हा पूर्वपक्ष. मनाचा चवीवर परिणाम होतो, हे त्यातलं खरं. पण तेवढ्यावरून जिभेची साक्षच खोटी ठरवणं मला अजिबात मान्य नाही.

वाटाणाच घ्या. पुरंदर तालुक्यात पावसाळी वाटाणा होतो आणि श्रावण-भाद्रपदात सासवडच्या बाजारात येतो. सकाळी तोडलेल्या शेंगेचा देठ ओला असतो. मूठभर शेंगा हातात घेऊन चोळल्या की करकरतात, अंगठ्याने दाबली की शेंग टचकन उकलते आणि कच्चा दाणा दाताखाली गोड फुटतो. तीच शेंग दोन-तीन दिवस पोत्यात राहिली की दाणा पिठूळ लागतो. इथे आठवणीचा काय संबंध? तोडल्यावरही दाणा जिवंतच असतो. त्याचा श्वास चालू राहतो, त्यात साखर खर्ची पडते आणि उरलेल्या साखरेचं पिष्ट होत जातं. भरल्या पोत्यात ऊब साठते, तसा हा वेग वाढतो. मक्याच्या कोवळ्या कणसाचीही हीच गत. लहानपणी सासवड न पाहिलेल्या माणसालाही हा फरक कळतो.

टोमॅटोचं प्रकरण याहून बोलकं आहे. देठापाशी गडद हिरवा पट्टा असलेलं फळ बाजाराला डागाळल्यासारखं वाटायचं, म्हणून सगळीकडून एकसारखं पिकणारे वाण निवडले गेले. 2012 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झालं. या निवडीत ज्या जनुकाचं काम बंद पडलं, तेच जनुक फळातलं हरितद्रव्य वाढवून साखर तयार व्हायला मदत करत होतं, असं त्यातून दिसलं. रूप मिळालं, गोडी गेली. पुढे 2016 मध्ये फ्लॉरिडातल्या संशोधकांनी दाखवलं की पिकलेला टोमॅटो आठवडाभर 5 अंश सेल्सिअसला ठेवला, तर सुगंधाची द्रव्यं बनवणारी जनुकं मंदावतात आणि फळ बाहेर काढून ठेवलं तरी तो वास पूर्ण परत येत नाही. आपल्या घरचा फ्रिज काही वेगळा नसतो.

नुसत्या जवळिकीने काम होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. नारायणगावचा टोमॅटो पुणेकराला जवळचाच. पण लांबच्या बाजारासाठी निवडलेल्या जाड सालीच्या वाणाचं, रंग धरू लागताच तोडलेलं फळ पुण्यातही तसंच लागणार. बटाटा आणि साठवणीचा कांदा यांचं प्रवासात फारसं बिघडत नाही. आणि शेंगा तोडून काही तासांत गोठवलेला वाटाणा हा तीन दिवसांच्या 'ताज्या' वाटाण्यापेक्षा सरस असतो, हेही मान्य करायला हवं. वाण कुठला, तोडणी कधीची, आणि मधला वेळ माल कसा ठेवला, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. जवळच्या शेतकऱ्याला टिकाऊपणासाठी चवीचा बळी द्यावा लागत नाही, हे त्याचं खरं बळ.

मातीचाही हिशेब आहे. अलिबागचा पांढरा कांदा भातकापणीनंतरच्या जमिनीत घेतात आणि पातीसकट त्याच्या माळा विणून विकतात. कच्चा खाल्ला तरी तो डोळ्यांत पाणी आणत नाही. कांद्याचा तिखटपणा गंधकाच्या संयुगांतून येतो आणि तो वाणावर, तसाच जमिनीतल्या गंधकावर अवलंबून असतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला व्हिडेलिया कांदा याच कारणाने गोड. तिथे 1986 मध्ये कायदा करून त्याचा प्रदेश आखून दिला. अलिबागच्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. असं मानांकन हळवेपणाला मिळत नसतं.

राहिला शेवटचा आरोप: हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. चकचकीत दुकानांतल्या भाजीबद्दल तो खराही असेल. पण पावसाच्या सुरुवातीला ठाणे-कल्याणच्या फुटपाथवर टाकळा, कुर्डू, शेवळं घेऊन बसणाऱ्या आदिवासी बायकांपुढे उभं राहून तो आरोप कुणी करून दाखवावा. शेवळं तशीच शिजवली तर घसा खाजतो. म्हणून ती बाई जुडीबरोबर काकडं देते आणि त्यांचा आंबट रस घालायला बजावते. कोणती भाजी कुठे उगवते, किती दिवस मिळते, तिचा दोष कशाने जातो, हे तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं शास्त्र आहे. त्याला चोचले म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

तेव्हा भाजी घेताना भावाआधी दोन प्रश्न विचारा: माल कुठला आणि तोडला कधी? उत्तर देता येणाऱ्याकडूनच घ्या, आणि त्याच्याशी दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका.