रोज लिहायचं ठरवलं आणि महिन्याभरात गाडी अडकली? ब्लॉगरचा बर्नआउट का होतो आणि तो टाळायचा कसा

गोष्ट आहे जानेवारी २०१५ ची. अँड्र्यू सुलिव्हन हे नाव तेव्हा इंग्रजी ब्लॉगिंगमध्ये फार मोठं होतं. ब्लॉग म्हणजे काय हे बहुतेकांना माहीतही नव्हतं, तेव्हा म्हणजे २००० साली त्यांनी लिहायला सुरुवात केली होती. त्यांचा 'द डिश' हा ब्लॉग हजारो लोक वर्गणी भरून वाचायचे. आणि एक दिवस त्यांनी वाचकांना सांगून टाकलं, मी थांबतोय.

ब्लॉग चालत नव्हता म्हणून नाही. १५ वर्षं रोज, दिवसातून कित्येक वेळा लिहायच्या ताणाने तब्येत बिघडली होती आणि डॉक्टरांनीही तेच कारण सांगितलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, त्यांचं ठीक आहे, ते मोठे लोक. आमचा ब्लॉग वाचतात दीडशे जण. पण खरं सांगायचं तर दमायला दीडशे वाचकही पुरतात.

माझंच सांगते. कॉलेजला असताना मी शंभर दिवस रोज एक पोस्ट लिहायचं ठरवलं होतं. ४८ व्या दिवशी आजी मिरजेला दवाखान्यात होती आणि मी तिच्या उशाशी बसले होते. ती तिच्या लहानपणीच्या पुराची गोष्ट सांगत होती आणि मी मोबाईलवर त्याच गोष्टीचं शीर्षक टाईप करत होते. मध्येच ती म्हणाली, "ऐकतेयस ना गं?" त्या रात्रीच्या पोस्टला तोवरचे सगळ्यात जास्त लाईक आले. पुढच्या आठवड्यात मी लिहिणं बंद केलं ते सहा महिने.

तेव्हा वाटलं, आपल्यात चिकाटीच नाही. नंतर या विषयावर वाचत गेले तेव्हा कळलं की चूक चिकाटीत नव्हती. मी स्वतःला दिलेला शब्दच असा होता की तो कुणालाही फार दिवस पाळता आला नसता.

बर्नआउट म्हणजे नेमकं काय?

हा शब्द कामाच्या थकव्यासाठी रूढ झाला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञामुळे. दिवसा स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळी ते न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथे मन लावून राबणारे लोक काही महिन्यांत चिडचिडे, कोरडे होतात हे त्यांनी पाहिलं, स्वतः अनुभवलंही, आणि १९७४ मध्ये त्यावर लेख लिहिला.

यातली महत्त्वाची गोष्ट बघा. तिथे दमले ते कामचुकार लोक नव्हते. ज्यांना काम सगळ्यात जास्त आवडत होतं तेच दमले.

पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजायची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या जाहीर केली तिच्यात तीन खुणा आहेत. ब्लॉगरच्या भाषेत त्या अशा दिसतात.

१. शक्ती संपणे. झोप होते, तरी लॅपटॉप उघडायच्या विचारानेच अंगात जीव राहत नाही.

२. कामाबद्दल कडवटपणा. वाचकाची साधी कमेंट बघूनही वैताग येतो. "काहीही लिहिलं तरी लोक वाचतातच" असं वाटायला लागतं.

३. आपल्याला जमत नाही असं वाटणे. दोन वर्षांपूर्वीची स्वतःची पोस्ट वाचून "हे मीच लिहिलं होतं का?" असा प्रश्न पडतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. या संघटनेच्या यादीत बर्नआउट हा आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून आहे. ब्लॉगरचं दुखणं असं की त्याला कामाचं ठिकाण नसतं, सुट्टीचा अर्ज नसतो, साहेबही तोच आणि शिपाईही तोच.

मुळात घोळ कुठे होतो?

पहिला घोळ हिशोबाचा. एका पोस्टला विषय, लिखाण, फोटो, शेअर करणं असे मिळून दोन तास लागतात असं धरू. रोज एक पोस्ट म्हणजे वर्षाचे ७३० तास. आठ तासांची ड्युटी धरली तर हे झाले ९१ दिवस. म्हणजे नोकरी किंवा अभ्यास सांभाळून तुम्ही वर्षाला तीन महिन्यांची आणखी एक बिनपगारी नोकरी पत्करलीत. सुरुवातीच्या उत्साहात हा हिशोब कुणी मांडत नाही.

दुसरा घोळ बक्षिसाचा. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. या सगळ्या मुलांना चित्रं काढायला आवडायचं. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत की प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात कोण चित्रं काढतं हे पाहिलं, तर बक्षिसाच्या बोलीवर काढणाऱ्या मुलांची आवड बाकीच्यांपेक्षा कमी झालेली दिसली. ज्यांना अचानक बक्षीस मिळालं होतं त्यांचं काही बिघडलं नव्हतं.

आता इथे लाईक आणि व्ह्यूज ठेवून बघा. आकडे आले की आनंद होणारच, त्यात गैर काही नाही. पण आकड्यांसाठीच लिहायला लागलं की आकडे पडल्यावर लिहायचं कारणही जातं. त्यात हे आकडे आपल्या हातात नसतात. अल्गोरिदम बदलतो, क्रिकेटची मॅच असते, लोक गणपतीत असतात. पोस्ट तीच, पण वाचक निम्मे.

तिसरा घोळ म्हणजे "एक दिवस चुकला की सगळं संपलं" ही समजूत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात आणि माणसागणिक हा आकडा १८ ते २५४ इतका बदलू शकतो असं त्यांना आढळलं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र फार कमी सांगितली जाते. मध्ये एखादा दिवस हुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडत नाही. म्हणजे ४९ वा दिवस चुकला म्हणून मागचे ४८ वाया जात नाहीत.

मग करायचं काय?

१. सगळ्यात वाईट आठवड्यात जमेल तेवढंच वचन द्या. आपण वेळापत्रक बनवतो ते रविवारी दुपारी, पोटभर जेवून, निवांत बसल्यावर. मागचे दोन महिने आठवा. त्यातला परीक्षेचा, तापाचा किंवा घरी पाहुणे आलेले असतानाचा आठवडा निवडा. त्या आठवड्यात जेवढं जमलं असतं तेवढंच वाचकांना जाहीर करा. महिन्याला दोन पोस्ट म्हणालात तर दोनच. तिसरी झाली तर ती वरकड. सुलिव्हन यांनी २०२० मध्ये पुन्हा सुरुवात केली तेव्हा नाव ठेवलं 'द वीकली डिश', म्हणजे आठवड्यातून एकदा.

२. शिल्लक ठेवा. घरात पाहुण्यांसाठी फराळाचा एक डबा वेगळा काढलेला असतो, तसे तीन लेख तयार ठेवा. ते बातमीवर अवलंबून नकोत, कधीही चालतील असे हवेत. एक वापरला की पुढच्या पंधरवड्यात त्याची जागा भरायची. आज काय टाकू, हा रात्री अकराचा प्रश्नच यामुळे निकालात निघतो. शिल्लक भरणंच होत नसेल, तर तुमचं वेळापत्रक जास्त आहे असं समजा आणि ते कमी करा.

३. चार कामं चार वेळी करा. विषय शोधणं, लिहिणं, तपासणं आणि प्रसिद्ध करणं ही चार वेगळी कामं आहेत. एकाच बैठकीत सगळी करायला गेलं की प्रत्येक वाक्यागणिक आपण लेखकही होतो आणि परीक्षकही. विषय सुचला की वहीत किंवा मोबाईलमध्ये दोन ओळी टिपून ठेवा. लिहायच्या दिवशी फक्त लिहा. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी.

४. थोडं शिल्लक असतानाच उठा. अर्नेस्ट हेमिंग्वे यांचा सल्ला होता की पुढे काय लिहायचंय हे माहीत असतानाच त्या दिवसाचं काम थांबवा. कारण साधं आहे. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही.

५. आकड्यांना वेळ ठरवून द्या. आठवड्यातून एकदा, समजा सोमवारी संध्याकाळी, अर्धा तास आकडे बघायचे. बाकी दिवस नोटिफिकेशन बंद. सोबत तुमच्या हातात असलेलं एक माप धरा. या महिन्यात मी किती वेळा लिहायला बसले? किती नव्या लोकांशी बोलून लिहिलं? ही मापं अल्गोरिदमला हलवता येत नाहीत.

६. वाचक शोधा, फक्त संख्या नको. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीनुसार आतून येणाऱ्या इच्छेला तीन गोष्टी लागतात. आपल्या मर्जीने करतोय ही भावना, आपल्याला जमतंय ही भावना आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. ब्लॉगरला तिसरी गोष्ट सहज मिळू शकते. "तुमच्या रेसिपीने केलेली पुरणपोळी पहिल्यांदाच फुटली नाही" अशी एक कमेंट हजार व्ह्यूजपेक्षा जास्त दिवस पुरते. असे निरोप एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. आणि शिवीगाळ करणाऱ्यांना उत्तर द्यायची सक्ती नाही, ब्लॉक करायचं बटण त्यासाठीच आहे.

७. सुट्टी जाहीर करून घ्या. उन्हाळ्यात नांगरट करून रान तापायला सोडतात, तेव्हा शेतकरी आळशी झाला असं कुणी म्हणत नाही. आपल्याकडे तर वर्षातून एकदाच येणाऱ्या अंकाची मोठी परंपरा आहे. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ मध्ये निघाला आणि आजही लोक वर्षभर दिवाळी अंकांची वाट बघतात. तुम्हीही आठ-दहा लेखांची मालिका करा, संपवा, "आता दीड महिना भेट नाही" असं सांगा आणि खरंच थांबा. न सांगता गायब झालं की अपराधी वाटत राहतं आणि त्या सुट्टीत विश्रांती मिळत नाही.

८. आयुष्यातला थोडा भाग लिखाणाच्या बाहेर ठेवा. प्रत्येक सहल, प्रत्येक जेवण, प्रत्येक भांडण हा पोस्टचा विषय नसतो. निदान एक छंद आणि काही माणसं अशी ठेवा ज्यांच्याबद्दल कधीच लिहायचं नाही. हे मी आजीच्या उशाशी शिकले.

कंटाळा, बर्नआउट की आणखी काही?

हे ओळखायला एक साधी पद्धत आहे. विषय बदलल्यावर उत्साह परत आला तर तो कंटाळा होता. दोन आठवडे ब्लॉगपासून पूर्ण दूर राहिल्यावर बाकीचं आयुष्य बरं वाटतंय, पण परत लिहायच्या विचाराने पोटात गोळा येतोय, तर बर्नआउटकडे वाटचाल आहे. वेळापत्रक बदलायलाच हवं.

पण जेवण, झोप, मित्र, आवडती गाणी यातलं काहीच गोड लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर ब्लॉगला दोष देत बसू नका. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास सुरू असते. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका, लगेच फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी सांगा.

आणि थांबावंसंच वाटलं तर?

तर थांबा. ब्रिटनच्या टॉम स्कॉट या यूट्यूबरने दहा वर्षं दर आठवड्याला व्हिडिओ टाकला आणि जानेवारी २०२४ मध्ये ते साप्ताहिक काम रीतसर निरोप घेऊन बंद केलं. जुने व्हिडिओ आहेत तिथेच आहेत, लोक अजून बघतात. तुमच्या जुन्या पोस्टही कुठे जात नाहीत.

चालू ठेवायचं असेल तर आज एकच काम करा. कॅलेंडर उघडा, पुढच्या महिन्यातले लग्न, परीक्षा, ऑफिसच्या डेडलाईन असे सगळे दिवस खोडा. उरलेल्या दिवसांतले निम्मे विश्रांतीसाठी सोडा. जे उरले तेवढ्यात किती लेख बसतात ते मोजा आणि तोच आकडा वाचकांना सांगा.

मी सध्या महिन्याला दोन लिहिते. मागच्या महिन्यात एकच झाला. कुणीही विचारलं नाही.