मुद्रा गेली, नाव उरले : इंग्लंडमधील घरखरेदीच्या कराविषयी एक टिपण

एखाद्या वस्तूमुळे रूढ झालेला शब्द ती वस्तु व्यवहारातून गेल्यावरही टिकून राहतो, हे भाषेच्या अभ्यासकास नवीन नाही. इंग्लंडात घर विकत घेणाऱ्यास भरावा लागणारा मुद्रांक-कर हे याचे बोलके उदाहरण होय.

या कराचा उगम १६९४ सालचा. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी विल्यम व मेरी यांच्या राजवटीत तो दस्तऐवजांच्या चर्मपत्रावर व कागदावर बसविण्यात आला. मुदत चार वर्षांची होती. कर मात्र कायमचा झाला. तो दस्तऐवजावर होता, घरावर नव्हे. कागदावरील मुद्रा हीच तो भरल्याची साक्ष. १ डिसेंबर २००३ पासून जमीन व घरे यांच्यापुरता हा आधार बदलला. कर प्रत्यक्ष व्यवहारावर आला व खरेदीदाराने विवरणपत्र भरावयाचे ठरले. मुद्रेचे काम संपले. तरी नव्या कराच्या नावात ती राहिलीच.

परंतु नावाहून महत्त्वाचा प्रश्न आकारणीच्या रीतीचा आहे. ३ डिसेंबर २०१४ पर्यंत किंमत ज्या टप्प्यात पडे, त्या टप्प्याचा दर संपूर्ण किमतीस लागू होई. २,५०,००० पौंडांच्या घरास शेकडा १ प्रमाणे २,५०० पौंड कर पडे. किंमत एका पौंडाने वाढताच दर शेकडा ३ होऊन कर ७,५०० पौंडांवर जाई. एका पौंडापायी पाच हजारांचा भुर्दंड! साहजिकच पुष्कळ सौदे या सीमेच्या आत येऊन थांबत.

४ डिसेंबर २०१४ पासून प्रत्येक दर किमतीच्या त्या त्या भागापुरताच लागू झाला. पहिले १,२५,००० पौंड करमुक्त, पुढील १,२५,००० वर शेकडा २, त्यापुढे ९,२५,००० पर्यंतच्या भागावर शेकडा ५ व त्याहून वर चढते दर, असे तेव्हाचे कोष्टक होते. २,६०,००० पौंडांच्या घराचा कर जुन्या रीतीने ७,८०० होई; नव्या रीतीने तो २,५०० अधिक ५००, म्हणजे ३,००० झाला. उलट २०,००,००० पौंडांच्या घराचा कर १,००,००० वरून १,५३,७५० वर गेला.

आपल्याकडील मुद्रांक शुल्क ब्रिटिश अमदानीतील याच परंपरेतून आले. महाराष्ट्रात १९५८ च्या अधिनियमान्वये ते आजही दस्तऐवजावरच आकारले जाते. मात्र खरेदीखतात लिहिलेली किंमत व बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम अधिक, ती हिशेबास धरतात. केवळ लिहिलेल्या किमतीवर विसंबता येत नाही, याची ही कबुलीच होय.

यातून इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. खरेदीखतातील किंमत ही घराच्या मोलाची निखळ साक्ष नव्हे. तिच्यावर त्या काळच्या करकोष्टकाची छाया पडलेली असते. म्हणून जुने खरेदीखत वाचताना त्या वर्षीचे कोष्टकही शेजारी ठेवावे, हे इष्ट.