मुलतानी माती आणि रुसलेलं मांजर

परदेशातल्या मराठी घरात मांजर असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. मुलं हट्ट धरतात, शेल्टरमधून एखादं पिल्लू घरी येतं, त्याचं मराठी नावाने बारसं होतं. दोन-तीन वर्षं सगळं सुरळीत चालतं आणि मग एक दिवस ते लिटर बॉक्सकडे पाठ फिरवतं. गालिचा चालतो, सोफा चालतो, धुवायच्या कपड्यांचा ढीग तर फारच आवडतो. पेटी तेवढी नको. भारतातून आलेली आजी म्हणते, "आमच्याकडे असलं काही नव्हतं गं." तिचं खरंच आहे. तिच्या लहानपणी घरात मांजर होतं, पण त्याच्यासाठी पेटी नव्हती. ही पेटी कुठून आली हे कळलं, की रुसलेल्या मांजराशी कसं वागावं हेही बरंचसं कळतं.

आपल्या घरातलं प्रत्येक मांजर पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या रानमांजराच्या वंशातलं आहे. तिथे शेती सुरू झाली, धान्याच्या कोठारांत उंदीर आले आणि उंदरांच्या मागे मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी मांजराचं पुरलेलं शरीर सापडलं. तो शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. बेटावर मुळात मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी ते होडीतून नेलं असणार. हा कोरड्या, रेताड मुलखातला प्राणी. भुसभुशीत जमीन उकरायची, विधी उरकायचा आणि वर माती ओढायची, ही त्याची सवय माणसाने लावलेली नाही. ती उपजतच आहे.

त्यामुळे हजारो वर्षं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. आपल्याकडे परसदार होतं, बागेतली माती होती, चुलीतून काढलेल्या राखेचा ढीग होता. युरोप-अमेरिकेतही मांजर बहुतेक बाहेरच असे. कडाक्याच्या थंडीत आत ठेवावं लागलं, तर लोक एखाद्या खोक्यात वाळू, राख किंवा फाडलेली वर्तमानपत्रं घालत. वास यायचा, म्हणून मांजर शक्य तितक्या लवकर पुन्हा बाहेर जायचं.

हे चित्र बदललं १९४७च्या जानेवारीत, मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस या छोट्या गावात. नौदलातून परतलेला एड लो हा तरुण वडिलांच्या धंद्यात होता. कारखान्यांत जमिनीवर सांडलेलं तेल शोषून घेण्यासाठी लाकडाचा भुसा आणि भाजलेली माती विकणं, हा तो धंदा. शेजारणीची वाळू थंडीने गोठली होती आणि राख वापरली तर मांजराच्या काळ्या पावलांचे ठसे घरभर उमटत. ती वाळू मागायला आली. लोने तिला मातीचे दाणे दिले. थोड्याच दिवसांत तिला दुसरं काही नकोसं झालं.

ही माती आपल्या ओळखीची आहे. इंग्रजांची 'फुलर्स अर्थ' म्हणजे आपली मुलतानी माती. तिकडे लोकरीतला तेलकटपणा काढायला ती वापरत, आपल्याकडे चेहऱ्याला आणि केसांना लावत. गुण तोच, शोषून घेण्याचा. लोने पाच-पाच पौंडांच्या दहा पिशव्या भरल्या, त्यांवर 'किटी लिटर' असं लिहिलं आणि गावच्या दुकानात नेल्या. किंमत ६५ सेंट. वाळू मातीमोलाने मिळत असताना ही माती कोण विकत घेणार, असं दुकानदाराला वाटलं. लो म्हणाला, मग फुकट वाटा. ज्यांनी फुकट नेली, ते पैसे घेऊन परत आले. पुढे लो गाडीत पिशव्या भरून मांजरांच्या प्रदर्शनांना गेला, दुकानोदुकानी फिरला. १९६४मध्ये 'टायडी कॅट' सुपरमार्केटमध्ये आलं. १९८४मध्ये थॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने ओलावा लागताच गोळा होणारं बेंटोनाइट मातीचं लिटर तयार केलं. आज आपण खोऱ्याने गोळे उचलतो ते त्यामुळे.

या मातीमुळे मांजर बारा महिने चोवीस तास घरात राहू लागलं. त्यात त्याचा मोठा फायदा झाला. मोटारी, कुत्री, थंडी यांपासून ते वाचलं. पण सगळ्या बागेच्या जागी त्याच्या वाट्याला दोन हात लांबीची एक पेटी आली. नंतरच्या सुधारणा तर बऱ्याचशा आपल्या नाकासाठी झाल्या. सुगंधी लिटर, झाकणाची पेटी, बेसमेंटमधला कोपरा, हे सगळं आपल्याला सोयीचं. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. झाकणाखाली कोंडलेला वास आणि लॅव्हेंडर यांचं मिश्रण त्याला सोसवत नाही.

दुसरा धडा पशुवैद्यकाने शिकवला. पेटीबाहेर घाण करणाऱ्या मांजराला पूर्वी हट्टी किंवा सूड घेणारं ठरवत, त्याचं नाक त्यात घासत. पुढे लक्षात आलं, की अशा अनेक मांजरांना लघवी करताना दुखतं. कधी खडे असतात; पुष्कळदा तपासणीत ना खडा सापडतो, ना जंतू, तरीही मूत्राशय सुजलेलं असतं. ओहायो स्टेट विद्यापीठातले टोनी बफिंग्टन यांनी अशा मांजरांचा दीर्घ अभ्यास केला. घरातला ताण कमी केला, लपायला-चढायला जागा दिली, खाण्या-खेळण्याच्या वेळा पाळल्या, की त्यांचा त्रास कमी होतो असं त्यांना दिसलं. दुखणं आणि पेटी यांची मांजराच्या मनात सांगड बसते. बरं झाल्यावरही ते पेटी टाळतं.

म्हणून आधी डॉक्टर. बोका पुन्हापुन्हा बसतोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग बंद झाला असेल, तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. दुखणं नाही असं कळलं, की मग पेटीकडे वळा. मांजरं जितकी, त्याहून एक पेटी जास्त, आणि सगळ्या एकाच कोपऱ्यात नकोत. पेटी मोठी आणि उघडी असावी, माती बारीक आणि बिनवासाची. जागा वॉशिंग मशीनच्या खडखडाटापासून दूर असावी आणि सफाई रोज व्हावी. बाहेर घाण झालेली जागा एन्झाइमच्या क्लीनरने पुसा. भारतातल्या सवयीने फिनेल वापरू नका. त्यातली फिनॉलवर्गीय द्रव्यं मांजराला विषारी असतात. आणि ओरडू नका. ओरडण्याने मांजर शिकतं ते एवढंच, की तुमच्यासमोर बसायचं नाही.

पेटी न वापरणं हे मांजर शेल्टरला परत जाण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे, आणि मोठं झालेलं, "घाण करतं" असा शेरा बसलेलं मांजर पुन्हा कुणी सहज नेत नाही. पंचाहत्तरहून अधिक वर्षांपूर्वी माणसाने आपल्या सोयीसाठी मांजराची बाग एका पेटीत बसवली. ती पेटी त्याला पटेल अशी ठेवण्याची जबाबदारी माणसाकडेच येते.