प्लास्टर: शब्द एक, कामं तीन

मंडळी, आज थोडं एका शब्दाबद्दल. आपल्या हमरापूर-जोहे पट्ट्यात कुणी विचारलं, 'प्लास्टर झालं का?' तर आधी बघावं लागतं, विचारणारा कोण. गवंडी असेल तर भिंतीचं, दवाखान्यातून आला असेल तर हाताचं, आणि कारखानदार असेल तर गणपतीचं!

शब्द मूळचा ग्रीक. अर्थ, अंगाला लावायचा औषधी लेप. म्हणजे आधी औषध, भिंत नंतर. भिंतीसाठी आपल्याकडे 'गिलावा' होताच, पण आता तो जुन्या माणसांच्याच तोंडी उरलाय. पुढे पॅरिसचं नाव चिकटलं ते तिथल्या मोंमार्त्र टेकडीतल्या जिप्समच्या खाणींमुळे. जिप्सम साधारण १५० अंशांवर भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडतं आणि पावडर उरते. तिला पुन्हा पाणी मिळालं की थोड्याच वेळात ती दगड होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मातिसेन या डच लष्करी डॉक्टरने हाच गुण मोडलेलं हाड बसवायला वापरला.

आपल्याकडेही हाच गुण कामी आला. शाडूची मूर्ती जड, सुकायला वेळ, प्रवासात फुटायची भीती. प्लास्टरची साच्यातून पटकन निघते, हलकी, लांब पाठवता येते. त्यावर इथली कित्येक घरं उभी राहिली.

पण गोची इथेच आहे. भिंतीचं प्लास्टर टिकावं म्हणून करतो, हाताचं हाड जुळलं की कापून काढतो. मूर्तीच्या प्लास्टरने मात्र पाण्यात विरघळावं अशी आपली अपेक्षा, आणि तेच त्याला जमत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींना मनाई करणारी नियमावली काढली. ९ जून २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन परवानगीशिवाय नाही. कागदावर 'पीओपी' ही तीन अक्षरं. आपल्याकडे तीच भाकरी.

माझं म्हणणं एवढंच. दोष कारागिराचा नाही आणि खाडीचाही नाही. शाडूकडे वळा म्हणणाऱ्यांनी माती, सुकवायला जागा आणि पुरेसा वेळ यांचंही बोलावं. आणि गिऱ्हाइकाने शाडूच्या मूर्तीचे दोन पैसे जास्त मोजावेत.

तुमच्या घरी यंदा कुठली? कमेंटमध्ये सांगा.